नकलेवाचून अपील नाही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती म्हणणाऱ्यांत खुद्द वकिलांचा भरणाही कमी नसतो. तथापि ह्या म्हणीत थोडी चूक आहे असे आम्हांस वाटते. कोर्टाची पहिली पायरी चढणे तितकेसे कठीण नाही. दावा लावणे, कैफियत देणे, साक्षीपुरावा करणे ह्या गोष्टी तालुक्याच्या गावी, आपल्या भाषेत, ओळखीच्या वकिलामार्फत होतात. मनुष्य ठेच खातो तो दुसऱ्या पायरीवर. खालच्या कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला, तो चुकीचा आहे अशी त्याची खात्री झाली आणि वर जावे असे त्याने ठरविले, की तेथून पुढे निकालाच्या खरेखोटेपणाचा प्रश्न बाजूस पडतो व कागदाचा प्रश्न सुरू होतो. नक्कल कोठे आहे? ती मागितली केव्हा? तयार झाली केव्हा? प्रती किती जोडल्या? भाषांतर कोठे आहे? वकीलपत्रावर सही कोणाची? गुणदोष पाहणारा न्यायाधीश आत बसलेला असतो, पण त्याच्यापर्यंत पोचावयाचे तर आधी हा पहारा ओलांडावा लागतो. आणि ह्या पहाऱ्यावरच पुष्कळांचे अपील मरते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे आलेले एक प्रकरण वाचकांपुढे ठेवतो. तारखा सोयीसाठी बदलल्या आहेत, हिशेब मात्र खरा आहे. एका शेतकऱ्याचा भावकीशी जमिनीच्या वाटपाचा दावा होता. दिवाणी न्यायाधीशाचा निकाल १ जूनला त्याच्या विरुद्ध लागला. जिल्हा कोर्टात अपील करण्यास मुदतीच्या कायद्याने ३० दिवस मिळतात. गृहस्थाने ११ जूनला नकलेचा अर्ज दिला. नक्कल १ जुलैला तयार झाली. पण ती तयार झाली हे त्यास कळविणार कोण? पेरणीचे दिवस होते. तो तालुक्याला दोनदा येऊन रिकामा परत गेला होता. तिसऱ्या खेपेस, २० जुलैला, नक्कल त्याच्या हाती पडली. त्याने बोटांवर हिशेब केला : अर्जापूर्वी नऊ दिवस गेले, नक्कल मिळेपर्यंतचे दिवस सरकारचे, म्हणजे अजून एकवीस दिवस आपले. ह्या हिशेबाने १० ऑगस्टपर्यंत वेळ होता. त्याने ५ ऑगस्टला कागद आमच्या टेबलावर ठेवले आणि पाच दिवस अगोदर आल्याबद्दल त्यास थोडे समाधानही वाटत होते. आम्ही नक्कल उलटी करून पाठीमागचा शिक्का पाहिला आणि मुदत चौदा दिवसांपूर्वीच संपली असल्याचे त्यास सांगितले.

हे असे का? १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे १२ वे कलम असे आहे की नक्कल मिळविण्यास लागणारा आवश्यक काळ मुदतीतून वगळावा. 'आवश्यक' ह्या एका शब्दात सारे मर्म आहे. अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा काळ आवश्यक. तयार झालेली नक्कल कपाटात पडून राहिली तो काळ आवश्यक नव्हे, तो पक्षकाराचा आळस. म्हणून नकलेच्या पाठीवर तीन तारखा घालतात : अर्जाची, तयार झाल्याची, दिल्याची. पक्षकार शेवटची तारीख पाहतो आणि कायदा मधली पाहतो. ११ जून ते १ जुलै हे एकवीस दिवस वगळले, म्हणजे १ जुलैला संपणारी मुदत २२ जुलैला संपली. ह्याच कलमास आणखी एक पुस्ती जोडलेली आहे, ती तर वकिलांसही कधी कधी चकविते. नकलेचा अर्ज देण्यापूर्वी कोर्टाने हुकूमनामा तयार करण्यात जो वेळ घालविला, तो वगळावयाचा नाही. म्हणजे हुकूमनामा तयार होऊ दे, मग अर्ज देऊ, असा विचार जो भला मनुष्य करील तो फसला. हा नियम त्यास निकाल ऐकविताना कोणी सांगत नाही. न्यायाधीश निकालाचा शेवटचा भाग वाचतात, पुढच्या प्रकरणाचा पुकारा होतो, आणि पक्षकार बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहतो.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण खरे नुकसान तेथे आहे. विलंब माफ करण्याचा अर्ज केला; ५ व्या कलमाप्रमाणे पुरेसे कारण दाखविल्यास कोर्टास तसा अधिकार आहे. ह्या अर्जास किरकोळ अर्जाचा नंबर पडला. समोरच्यास नोटीस निघाली. भावकीतील एक जण पुण्यास, दुसरा सुरतेस. नोटिशी लागण्यास महिने गेले. त्यांनी हरकत घेतली, तारखा पडल्या. दरम्यान मूळ अपील अपील म्हणून अस्तित्वातच नव्हते. दिवाणी कायद्याच्या ४१ व्या ऑर्डरीत १९७६ साली ३-अ हा नियम घातला गेला. त्याप्रमाणे विलंबाच्या अर्जाचा निकाल होऊन अपील ऐकावयाचे असे ठरेपर्यंत हुकूमनाम्याच्या बजावणीस स्थगिती देता येत नाही. ते पूर्ण मुदतीत दाखल झाले असते तरी नुसत्या दाखल करण्याने स्थगिती मिळाली नसती, ती निराळी मागावी लागते; पण निदान मागता तरी आली असती. येथे तेही दार बंद. समोरच्या बाजूने दरखास्त लावली, बेलिफ आला, ताबा गेला. विलंब शेवटी खर्चाच्या अटीवर माफ झाला आणि अपिलास नंबर पडला. तोपर्यंत त्या शेतात दुसऱ्याची दोन पिके निघाली होती. चौदा दिवसांची ही किंमत!

ह्यावर कोणी म्हणेल की मुदत ठेवू नये काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. वादास कोठे तरी शेवट असला पाहिजे. ज्याच्या बाजूने निकाल लागला त्यालाही घर बांधावयाचे असते, मुलीचे लग्न करावयाचे असते, कर्ज काढावयाचे असते; त्याच्या डोक्यावर अपिलाची तलवार जन्मभर टांगून ठेवणे हाही अन्यायच. म्हणूनच ३ ऱ्या कलमाने, समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य अपील काढून टाकण्याचे कोर्टावर बंधन घातले आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार अशी आहे की मुदत ही एक गोष्ट आहे व कागदांची संख्या, त्यांचा आकार, त्यांच्यावरील शिक्के ही दुसरी गोष्ट आहे, आणि आपल्या कोर्टांच्या कचेऱ्यांत ह्या दोहोंची गल्लत झालेली आहे. मुदतीचा नियम प्रतिपक्षाच्या हक्काचे रक्षण करतो. तीन प्रतींऐवजी दोनच जोडल्या तर प्रतिपक्षाचा कोणता हक्क बुडाला? दुसरे असे की, मुदत पाळावी अशी अपेक्षा करणाऱ्या सरकारने ती मुदत केव्हा सुरू झाली व केव्हा संपली हे पक्षकारास कळेल अशी व्यवस्था तरी केली पाहिजे. दिवा मालवावयाचा आणि अडखळला म्हणून मार द्यावयाचा, ह्यास न्याय म्हणत नाहीत.

ही गल्लत आजची नाही आणि तिच्याविरुद्धची झगडाझगडीही आजची नाही. दिवाणी कामाचा पहिला कायदा १८५९ साली इंग्रजांनी केला, तो १८७७ व १८८२ मध्ये बदलला, आणि १९०८ चा कायदा आजतागायत चालू आहे. परक्या राज्याने परक्या देशातील कोर्टांवर नजर ठेवण्यासाठी जी कागदी शिस्त घातली ती त्या राज्याच्या दृष्टीने समजण्यासारखी होती. तरीही त्याच काळात एका मुद्द्यावर खुद्द प्रिव्ही कौन्सिलने पक्षकारास उपयुक्त असा निर्णय दिला होता, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. रंगून हायकोर्टाच्या नियमाप्रमाणे अपिलाबरोबर नक्कल जोडण्याची जरुरी नव्हती; मग नकलेत गेलेले दिवस वगळावे की नाही, असा वाद १९२८ साली त्या कोर्टापुढे आला. निकाल असा झाला की नक्कल जोडावयाची नसली तरी ती वाचल्यावाचून अपील करावे की न करावे हे मनुष्य ठरविणार कसे? सबब ते दिवस वगळलेच पाहिजेत. म्हणजे नक्कल ही कोर्टाची सोय नसून पक्षकाराची गरज आहे, हे तत्त्व जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मान्य झालेले आहे. अडचण तत्त्वाची नाही, व्यवहाराची आहे.

१९७६ पूर्वी तर हा व्यवहार हास्यास्पद स्थितीस पोचला होता. अपिलास हुकूमनाम्याची नक्कल जोडलीच पाहिजे असा नियम, आणि हुकूमनामा तयार करावयाचा कोर्टाच्या कारकुनाने. कारकुनाने तो केलाच नाही तर? असा एक खटला अलाहाबादेहून सुप्रीम कोर्टापुढे गेला. तेथील निकालपत्र न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी लिहिले; साताऱ्याचा हा सुपुत्र पुढे १९६४ साली देशाचा सरन्यायाधीश झाला. नियम बंधनकारक आहे हे त्यांनी मान्य केले. पण हुकूमनामा खालच्या कोर्टाच्या कचेरीनेच तयार केला नसेल तर तिच्या चुकीची शिक्षा पक्षकारास देता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. हे सांगण्यास सुप्रीम कोर्ट लागावे ह्याचे आश्चर्य वाटते. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने १५ दिवसांत हुकूमनामा तयार व्हावा व न झाल्यास त्यावाचूनही अपील करता यावे असे ठरले, आणि १ जुलै २००२ पासून तर हुकूमनाम्याच्या जागी नुसती निकालपत्राची नक्कल पुरेशी झाली. सुधारणा झाली हे खरे. तिला लागलेला काळ मोजला म्हणजे तिचे कौतुक थोडे कमी होते.

प्रतींच्या संख्येचा प्रश्न निराळ्या वाटेने सुप्रीम कोर्टात गेला. पंजाब हायकोर्टात एकेरी न्यायाधीशाच्या निकालावरचे अपील मुदतीत दाखल झाले होते, पण नियमाप्रमाणे जोडावयाच्या तीन प्रती पुऱ्या नव्हत्या. त्या पुऱ्या होईपर्यंत मुदत टळली आणि हायकोर्टाने अपील ऐकले नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्या निकालात सांगितलेले तत्त्व आज प्रत्येक वकिलाच्या तोंडी आहे : कामकाजाचे नियम हे न्यायाच्या सेवेसाठी असतात, त्यांनी धनी होऊन बसावयाचे नाही, नियम मोडला तर तो दुरुस्त करून घ्यावा, त्यासाठी हक्कच मारून टाकू नये. पुढे २००५ मध्ये उदयशंकर त्रियार खटल्यात, अपिलाच्या मेमोबरोबर अपिलदाराचे वकीलपत्रच नाही असा दोष निघाला, तेव्हाही तो दुरुस्त करता येण्याजोगा दोष आहे असेच कोर्टाने ठरविले. तत्त्वे ही अशी उदार आहेत. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रतींच्या त्या खटल्यात वर गेलेला अपिलदार कोणी गरीब कूळ नव्हता, ते पंजाब सरकार होते. विलंबाच्या बाबतीत उदार धोरण सांगणारा १९८७ चा प्रसिद्ध अनंतनागचा खटला घ्या : अपील होते कलेक्टरचे, विलंब होता चार दिवसांचा. एका प्रतीच्या कमतरतेसाठी किंवा चार दिवसांसाठी दिल्लीपर्यंत लढण्याची ऐपत सरकारचीच असणार! ज्याची ती नाही त्याचे अपील खालीच संपते आणि त्याचा खटला कोणत्याही रिपोर्टांत छापला जात नाही. उदार तत्त्व पुस्तकात राहते, कडक नियम खिडकीवर राहतो.

शिवाय ह्या उदारपणाचा सरकारांनी जो उपयोग केला तो पाहिला म्हणजे भीक नको पण कुत्रे आवर असे म्हणण्याची पाळी येते. पोस्ट खात्याने ४२७ दिवसांनी दाखल केलेली प्रकरणे २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळली आणि फायली फिरण्यास वेळ लागतो ही सबब ह्यापुढे ऐकली जाणार नाही असे बजावले. तरी २०२० साली मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवसांचा विलंब घेऊन त्याच कोर्टापुढे उभे राहिलेच. त्या वेळी अर्ज तर गेलाच, वर २५ हजार रुपये खर्च बसला. कोर्टाचे म्हणणे असे होते की अशी अपिले चालावी म्हणून दाखल होतच नाहीत. वरच्या कोर्टाने फेटाळले एवढा दाखला फायलीस लावून अधिकाऱ्यांनी हात झटकावे म्हणून ती दाखल होतात. ज्याच्यापाशी कायदा खाते, सरकारी वकील, कारकून, मोटारी सर्व आहे त्याचे ६६३ दिवस, आणि आमच्या शेतकऱ्याचे चौदा! दोघांसाठी कलम एकच आहे, ५ वे. कलमाची समता ह्याहून अधिक स्पष्ट कोठे दिसणार?

पण दिवाणीत गेली तर जमीन जाते. फौजदारीत मनुष्य तुरुंगात असतो. ह्या बाबतीत महाराष्ट्रातील एक खटला प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. मुंबई हायकोर्टाने १९७३ च्या अखेरीस होसकोट नावाच्या आरोपीची शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली. निकालाची मोफत नक्कल तयार झाली व येरवड्याच्या तुरुंगाधिकाऱ्यांकडे रवानाही झाली. हायकोर्टाच्या कचेरीने आपले काम केले. पण कैद्याच्या हाती ती पडली काय? तुरुंग म्हणतो दिली, कैदी म्हणतो मिळाली नाही, आणि त्याच्या सहीची पोच कोठेच नाही. सुप्रीम कोर्टात त्याचा अर्ज पोचला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, पुरी शिक्षा भोगून झाल्यावर. १९७८ मध्ये कोर्टाने त्याचा अर्ज गुणदोषांवर फेटाळला. मनुष्य काही निर्दोष नव्हता. परंतु त्या निमित्ताने जे ठरले ते मोठे आहे. अपिलाचा हक्क आहे असे म्हणावयाचे आणि अपील ज्यावाचून करता येत नाही ती नक्कल द्यावयाची नाही, हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे. नक्कल वेळेवर, मोफत दिली पाहिजे, कैद्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि वकील देण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे. एका सहीच्या अभावी एवढा निर्णय झाला.

येथे एक गंमतीची गोष्ट दिसून येते. कैद्यास अपील करावयाचे असल्यास तो आपला अर्ज तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे देतो व तो अधिकारी पुढे पाठवितो. जुन्या फौजदारी कायद्यात ही सोय होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. तुरुंगातून आलेल्या कागदास समास किती व प्रती किती हे कोणी विचारीत नाही. सुप्रीम कोर्टाने तर एका कैद्याच्या साध्या पत्रावरून सुनील बत्रा प्रकरण चालविले, आणि मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी एका पत्रकार बाईंनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ साली निर्णय दिला. आकाश कोसळले नाही. २०२० मध्ये साथ आली तेव्हा १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ सर्व मुदतींतून वगळण्यात आला; तेव्हाही न्यायदेवतेचा तराजू कोणी चोरून नेला नाही. ह्यावरून कागदी नियम मोडावे असे आम्ही म्हणत नाही. ते वाकविता येतात आणि वाकविले तरी न्याय उभा राहतो, एवढेच म्हणतो.

आता वरच्या दाराकडे पाहू. इंग्रजी अमलात प्रिव्ही कौन्सिलास जाण्यास वाद दहा हजारांचा असावा लागे, खर्चाबद्दल जामीन द्यावा लागे, सर्व कागद छापून घ्यावे लागत. ही वाट श्रीमंतांची होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये ती बंद झाली. आमच्या घटनेनेही प्रथम वीस हजारांची अट ठेवली होती. ती १९७३ साली गेली. पैशाची अट अशी गेली, कागदाची राहिली. आज सुप्रीम कोर्टात विशेष परवानगीचा अर्ज हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवसांत करावा लागतो आणि तो तेथील नोंदलेल्या वकिलामार्फतच दाखल होतो. त्या वकिलाची कचेरी कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत असली पाहिजे असा नियम आहे. गडचिरोलीच्या मनुष्यास आपल्या वकिलावर कितीही भरवसा असो, दिल्लीत त्यास दुसरा वकील करावाच लागतो. कागद लांब आकाराचा, एकाच बाजूस लिहिलेला असावा हा जुना दंडक मात्र १ एप्रिल २०२० पासून मोडला, आणि साध्या ए-४ कागदाच्या दोन्ही बाजू वापरता येऊ लागल्या. पाठकोऱ्या कागदाने न्याय अधिक पवित्र होतो असे मानण्यात सत्तर वर्षे गेली!

भाषेचा बोजा ह्या सर्वांहून जड आहे. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. १९९८ साली तसा जाहीरनामा निघाला. साक्ष मराठीत, फेरफार मराठीत, खरेदीखत मराठीत, पुष्कळदा निकालही मराठीत. पण घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने हायकोर्ट व सुप्रीम कोर्ट ह्यांचे काम इंग्रजीत चालते. म्हणजे अपील दाखल करणे ह्याचा अर्थ सामान्यतः शेकडो पानांचे भाषांतर करून घेणे असा होतो. खर्च कोणाचा? पक्षकाराचा. चूक झाली तर नुकसान कोणाचे? त्याचेच. ज्या शेतकऱ्याने मामलेदाराच्या व न्यायाधीशाच्या पुढे आपल्या मायबोलीत शपथ घेतली, त्याची ती साक्ष वरच्या कोर्टात जाईपर्यंत मुकी होते आणि पानागणिक पैसे मोजल्यावर तिला वाचा फुटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचे आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. पण अभिजात भाषेतील सातबाऱ्याचा उतारा भाषांतरावाचून वरच्या कोर्टात चालत नाही, ह्याची खंत त्या दिवशी कोणी बोलून दाखविल्याचे आमच्या कानी नाही. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या पोटकलमाने राष्ट्रपतींच्या संमतीने हायकोर्टात प्रांताची भाषा चालविता येते, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार येथे हिंदीस ती मुभा आहे. मराठीस नाही. परप्रांतीय न्यायाधीशांची अडचण आम्ही जाणतो. म्हणून उद्याच सर्व कामकाज मराठीत व्हावे असा आग्रह आम्ही धरीत नाही. पण इंग्रजी ही जर राज्याची सोय असेल, तर त्या सोयीचे बिल पक्षकाराने का भरावे?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास हायकोर्टाचे फिरते खंडपीठ सुरू झाले. सहा जिल्ह्यांच्या लोकांनी व वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली, तिला यश आले, ह्याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. सावंतवाडीच्या माणसाची मुंबईची खेप वाचली. पण अंतर कमी झाले म्हणजे हरकती कमी झाल्या असे नव्हे. कचेरीने हरकत काढावयाची, ती दूर केली की दुसरी काढावयाची, आणि अमुक आठवड्यांत सर्व हरकती दूर न झाल्यास अपील आपोआप निकाली निघेल असा हुकूम व्हावयाचा, ही पद्धत मुंबईहून कोल्हापुरास मोटारीने सहज येते. अपील आपोआप मरते, मग ते जिवंत करण्याचा अर्ज, त्यातील विलंबाचा अर्ज, त्यास पुन्हा हरकती! घरबसल्या यंत्रावरून कागद दाखल करण्याची सोय झाली आहे आणि ह्या सुधारणेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. यंत्र चांगले आहे. परंतु नियम तेच राहिले तर पूर्वी कारकून परत करीत असे तो कागद आता यंत्र परत करील, इतकेच.

आमच्या वकीलबंधूंसही दोन शब्द सांगितले पाहिजेत, मग ते रागावोत. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्यावा हे आम्हांस ठाऊक असते. पक्षकारास ते त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात सांगणारे किती? वकीलपत्र खालच्या कोर्टापुरते होते, आता आमचा संबंध संपला, असे म्हणून पुष्कळ जण मोकळे होतात. अपुऱ्या प्रती, न छापलेली पाने, सही विसरलेले प्रतिज्ञापत्र हे दोष काही पक्षकार घरून आणीत नाही. कचेरीच्या हरकतींपैकी निम्म्या आमच्या घाईच्या असतात असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही.

मग करावयाचे काय? फार नवे काही नको. २०१५ च्या व्यापारी कोर्टांच्या कायद्याने असे ठरविले आहे की निकालाच्या प्रती सर्व पक्षकारांस ई-मेलने अथवा अन्य रीतीने पाठवाव्या. मोठ्या रकमेच्या व्यापारी वादात हे होऊ शकते, तर बांधाच्या वादात का होऊ नये? व्यापाऱ्यास नक्कल घरपोच आणि शेतकऱ्याने खिडकीशी उभे राहावे, हा भेद कशासाठी? निकालाच्या दिवशी प्रत्येक पक्षकारास मोफत प्रत द्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर मराठीत छापावे : अपील कोठे करावयाचे व शेवटचा दिवस कोणता. नक्कल तयार झाली की मोबाईलवर निरोप जावा. बँक आठ आणे कापल्याचा निरोप पाठविते, कोर्टास हे जमणार नाही काय? अपिलावरील सर्व हरकती एकदाच, एका यादीत, ठराविक दिवसांत सांगाव्या. त्या यादीत जी नव्हती ती हरकत पुढे काढता येऊ नये. कागदाच्या दोषामुळे कोणतेही अपील न्यायाधीशाच्या नजरेखालून गेल्यावाचून निकाली निघू नये. आणि भाषांतर सरकारने करून द्यावे, निदान ज्यांस कायद्याने मोफत वकील मिळतो त्या स्त्रिया, दलित, आदिवासी व कैदी ह्यांच्या बाबतीत तरी.

ह्यांतील बहुतेक गोष्टींस पार्लमेंटाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. दिवाणी कायद्याच्या १२२ व्या कलमाने हायकोर्टास आपले व आपल्या हाताखालील कोर्टांचे कामकाजाचे नियम बदलण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि १२३ व्या कलमाप्रमाणे त्यासाठी नियमसमिती असते. तीत तीन हायकोर्टाचे न्यायाधीश, एक खालच्या कोर्टाचा न्यायाधीश व दोन वकील असतात. त्या दोन वकिलांस आमची विनंती आहे. समितीच्या पुढील बैठकीस जाताना त्यांनी आपल्या कचेरीतील कपाट उघडावे, मुदत टळलेल्या अपिलांच्या जुन्या फायली काढाव्या, आणि त्यांतील नकला पाठमोऱ्या करून, तीन तारखांचे शिक्के वर येतील अशा, टेबलावर मांडाव्या.